घरच्या बाईची तपासणी झाली का?



या वार्तापत्रात आपण एरवी लागवडीच्या तारखा, खताची मात्रा, खोडव्याची निगा आणि साखर उतारा यांविषयी बोलतो. या खेपेस विषय वेगळा आहे आणि तो मांडताना थोडा संकोचही वाटतो. बायकांना होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी आम्ही लिहीत आहोत. 'हे बायकांचं प्रकरण, आपण कशाला वाचायचं?' असे म्हणून पान उलटू नका. दवाखान्यात कधी जायचे, पैसे कोण देणार, त्या दिवशी रानातले काम कोणावर सोपवायचे, हे आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत पुरुषच ठरवतो. म्हणून हा लेख पुरुष सभासदांनी आधी वाचावा आणि मग घरात वाचून दाखवावा, ही विनंती.

लिहिण्याचे दुसरे कारण त्याहून मोठे आहे. या रोगापासून बाईचा जीव कसा वाचवता येतो, याचा एक ठळक पुरावा साऱ्या जगाला आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. आपल्या गावांतल्या बायकांनी तो दिला. परदेशातल्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे. आपल्या घरात मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

पोंगा वाळण्याआधी

खोडकिडीचे उदाहरण घ्या. पोंगा वाळलेला दिसला, ओढल्यावर हातात आला, की आपण म्हणतो, 'कीड लागली.' पण अळी आत शिरून त्याआधीच बरेच दिवस झालेले असतात. म्हणून जाणता शेतकरी पोंगा वाळायची वाट पाहत बसत नाही. तो वेळेवर ट्रायकोकार्ड लावतो आणि किडीचा बंदोबस्त अंड्यातच करतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग अगदी असाच आहे. गर्भाशय म्हणजे ज्याला आपण 'पिशवी' म्हणतो. तिचे खालचे अरुंद तोंड म्हणजे गर्भाशयमुख. एच.पी.व्ही. नावाचा एक विषाणू पतिपत्नीच्या संबंधातून तिथे पोहोचतो. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की संसारी माणसाला आयुष्यात कधीतरी तो होऊन जातोच म्हणा ना. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे आधी मनात पक्के करा. बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही थोड्या जणींच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो. तिथल्या पेशी हळूहळू बिघडू लागतात आणि त्यातून पुढे कर्करोग होतो. याला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात.

म्हणजे रोग आपल्याला पंधरा-वीस वर्षांची मुदत देतो. या मुदतीत बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. ती भांगलण करते, धार काढते, स्वयंपाक करते. तपासणी करायची वेळ हीच. अंगावरून रक्त जाऊ लागले म्हणजे पोंगा वाळला असे समजा. त्या वेळीही उपचार आहेत आणि ते जरूर करावेत, पण सोपी वेळ निघून गेलेली असते.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख बायकांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार बायका त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. इतकी मोठी मुदत देणारा रोग असूनही ही गत आहे.

बार्शीचे काम आणि आपला जिल्हा

आपल्या शेजारी बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भूम, परंडा भागातल्या सभासदांना ते सांगायला नको. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काम उभे केले. १९८७ साली तिथूनच भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा हे तीन तालुके तिने घेतले. खेड्यातला रोगी आपण होऊन दवाखान्यात येत नाही, हे ओळखून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव जात, लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि संशय वाटेल त्याला तपासणीला पाठवत. या नुसत्या समजावण्यानेही पुढच्या काही वर्षांत बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या.

त्यानंतर ऑक्टोबर १९९९ मध्ये मोठे काम सुरू झाले. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. तीन भागांतल्या बायकांना तीन वेगवेगळ्या तपासण्या देऊ केल्या, त्याही फक्त एकदा. चौथ्या भागातल्या बायकांना रोगाची आणि तपासणी कुठे होते याची माहिती तेवढी सांगितली. मग आठ वर्षे नोंदी ठेवल्या.

तीन तपासण्या कोणत्या?

पहिली व्हिनेगरची, म्हणजे व्ही.आय.ए. प्रशिक्षित परिचारिका गर्भाशयमुखाला पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड लावते आणि मिनिटभर थांबून पाहते. पेशी बिघडलेल्या असतील तिथे पांढरा डाग उठतो. खर्च कमी आणि निकाल तिथल्या तिथे.

दुसरी पॅप तपासणी. गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निकाल यायला दिवस लागतात आणि पाहणारा तज्ज्ञ लागतो.

तिसरी एच.पी.व्ही. तपासणी. मऊ ब्रशाने नमुना घेऊन, विषाणू आहे की नाही हे यंत्रावर पाहतात.

निकाल काय लागला?

एप्रिल २००९ मध्ये डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला.

नुसती माहिती दिलेल्या भागात ३१,४८८ बायका होत्या. त्यांतल्या ६४ जणी या रोगाने गेल्या. एच.पी.व्ही. तपासणीच्या भागात ३४,१२६ बायका होत्या, म्हणजे संख्या जास्तच. तिथे ३४ जणी गेल्या. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. कर्करोग सापडलेल्या बायका एच.पी.व्ही.च्या भागात १२७ आणि नुसत्या माहितीच्या भागात ११८. कोणी म्हणेल, 'मग तपासून फायदा काय झाला?' फायदा पुढच्या आकड्यात आहे. पुढच्या अवस्थेला गेलेले रोगी माहितीच्या भागात ८२ होते, तपासणीच्या भागात ३९. शोधायला गेल्यावर रोग सापडणारच, पण तो लवकर सापडला आणि म्हणून जीव वाचले.

ज्यांच्या तपासणीत विषाणू नाही असे निघाले, अशा २४,३८० बायकांपैकी आठ वर्षांत फक्त आठ जणींना कर्करोग झाला. म्हणजे ही तपासणी निर्दोष आली तर बाई बरीच वर्षे निर्धास्त राहू शकते.

व्हिनेगरच्या आणि पॅपच्या एकदाच केलेल्या तपासणीने मात्र या प्रयोगात मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. म्हणून व्हिनेगरची तपासणी वाया, असे समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने तीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. तिथे या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगरची तपासणी एकदा करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते, हा त्याचा अर्थ.

ज्या ६४ जणी गेल्या त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. त्या भागाला तपासणी न देता नुसती माहिती देणे योग्य होते का, यावर पुढे देशात आणि परदेशात बरीच टीका झाली. टीका करणाऱ्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. आपण आपल्यापुरते एवढेच म्हणू की, त्या भागातल्या आणि तपासलेल्या भागातल्या बायका याच मातीतल्या, आपल्याच आया-बहिणी होत्या. त्यांच्यामुळे जगाला जे कळले ते त्यांच्याच लेकी-सुनांच्या कामी येत नसेल, तर दोष कोणाला द्यायचा?

घरच्या घरी काय करता येते?

आपल्या बायका तपासणीला का जात नाहीत, हे आपण जाणतो. 'मला काय धाड भरलीय?', 'हंगाम होऊ द्या, मग बघू', आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे लाज. परक्यासमोर टेबलावर झोपायचे, या कल्पनेनेच बाई मागे सरते.

यावर आता तोड निघाली आहे. एच.पी.व्ही. तपासणीचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. कापसाच्या काडीसारखा एक मऊ ब्रश असतो. तो योनिमार्गात हळूच घालून, सांगितले असेल तितके वेळा फिरवायचा आणि सोबतच्या नळीत ठेवून झाकण लावायचे. घरी न्हाणीत किंवा आरोग्य केंद्राच्या आडोशाच्या खोलीत, कोणी समोर नसताना हे दोन-चार मिनिटांत होते. चांगल्या यंत्रावर तपासला तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तितकाच भरवशाचा निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एच.पी.व्ही. तपासणीला पहिली पसंती दिली आणि स्वतः घेतलेला नमुना चालेल असेही सांगितले. वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी ही तपासणी करावी, असे तिचे म्हणणे आहे.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, घरी फक्त नमुना घेतला जातो. तपासणी प्रयोगशाळेतच होते. दोन, विषाणू निघाला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रयोगात तपासलेल्या शंभर बायकांत सुमारे दहा जणींना विषाणू निघाला आणि त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. अशा बाईने पुढची तपासणी डॉक्टरांकडे करून घ्यायची, एवढाच अर्थ. तीन, जिला आधीच रक्त जाण्याचा त्रास आहे तिने ब्रशाच्या नादी न लागता थेट डॉक्टर गाठावा.

ही सोय जवळपास मिळाली नाही म्हणून थांबायचेही कारण नाही. शासनाच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हिनेगरची तपासणी दर पाच वर्षांनी करावी असे ठरलेले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंकडे चौकशी करा. बिघडलेल्या पेशी सापडल्याच तर त्या जागी गार किंवा गरम उपकरण लावून तेवढा भाग नष्ट करतात. काम थोड्या मिनिटांचे असते. पिशवी काढावी लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी येते.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण सभासदांना कळेल. आपला ऊस जे हात तोडतात, त्या हातांशी याचा संबंध आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन तिशीतल्या, काही त्याहून लहान बायका होत्या. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्या तक्रारीवरून 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असे कितीतरी जणींना सांगितले गेले होते. पाळीच्या दिवसांत काम बुडून खाडा पडू नये, ही धास्तीही त्यामागे होती.

अंगावर पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्या-औषधांनी उपचार होतो. कर्करोगाची शंका असेल तर वर सांगितलेली तपासणी आहे. तपासणी न करता कोणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. पिशवी आधीच काढली असेल तर तिचे तोंड ठेवले आहे का, हे विचारून घ्या. ठेवले असेल तर तपासणी लागतेच. टोळी आपल्या फडात उतरली की त्या बायकांनाही हे सांगा. त्या काही महिने आपल्या रानात असतात. गावातल्या तपासणीच्या दिवशी त्यांना खाडा न धरता जाऊ द्या.

आणि पुरुषांचे काय?

'बायकांचं झालं, आमचं काय?' असे सभासद विचारतील. पन्नाशी-साठीनंतर पुरुषाला प्रोस्टेट या ग्रंथीचा कर्करोग होऊ शकतो. तिच्यासाठी पी.एस.ए. नावाची रक्ताची तपासणी आहे. योगायोग असा की, आपल्या जिल्ह्याचा निकाल छापून येण्याच्या एक आठवडा आधी त्याच नियतकालिकात या तपासणीचा युरोपातला निकाल आला होता. ५५ ते ६९ वयाचे १,६२,२४३ पुरुष त्यात होते. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, पण एक मृत्यू टाळायला १,४१० पुरुष तपासावे लागले आणि ४८ जणांवर उपचार करावे लागले. हा रोग अनेकांत इतका सावकाश वाढतो की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो, आणि उपचाराने लघवीवरचा ताबा जाण्यासारखे त्रास मात्र मागे लागू शकतात.

म्हणून पुरुषांसाठी सरसकट 'तपासून घ्या' असे सांगता येत नाही. पन्नाशीनंतर, आणि वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर पंचेचाळिशीपासून, डॉक्टरांशी बोलून ठरवावे. रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे हे बहुधा ग्रंथी वयोमानाने वाढल्याने होते. पण दाखवून घ्यावे. लघवीतून रक्त गेले किंवा कंबरेचे हाड सतत दुखू लागले तर एक दिवसही घालवू नये. घरी बोट टोचून पाहायच्या पट्ट्या मिळतात, पण नुसत्या पट्टीवर भरवसा ठेवू नये. ग्रंथी सुजली तरी पी.एस.ए. वाढते.

लेकींसाठी लस

एच.पी.व्ही.ला लस आहे. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलीला, लग्नाच्या कितीतरी आधी दिली तर उत्तम काम करते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला २०२२ साली मंजुरी मिळाली. लशीच्या एकाच मात्रेने भागते, हे कळण्यातही बार्शीचा वाटा आहे. २००९ साली देशात काही ठिकाणी मात्रांचा अभ्यास सुरू झाला, त्यांत बार्शी होती. २०१० मध्ये शासनाने ते लसीकरण मध्येच थांबवले, तेव्हा पुष्कळ मुलींना एकच मात्रा मिळालेली होती. पुढे तपासले तर त्या एका मात्रेनेही चांगले संरक्षण दिले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा चालेल असे मान्य केले. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करावीच.

आता काय करायचे?

१. घरात ३० वर्षांवरील बाई कोण कोण आहे, ते मोजा. बायको, भावजय, थोरली लेक, सून, आणि ६५ च्या आतली आई. प्रत्येकीची तपासणी झाली का, ते घरातल्या बाईमाणसाकरवी विचारा.

२. झाली नसेल तर दिवस ठरवा. मोळी गव्हाणीत पडायच्या आधी, म्हणजे गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीचा दिवस ठरवा. एकदा तोड आली की कोणालाच सवड नसते.

३. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर हंगाम असो वा नसो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

४. रोग निघालाच तर घाबरून घरी बसू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

५. बाईबरोबर स्वतः जा. ती एकटी गेली तर आशाताई आहेतच, पण घरधनी सोबत असला की तिचा निम्मा संकोच तिथेच जातो.

उसाला पाण्याची पाळी चुकली तर आपल्याला रात्रभर झोप लागत नाही. घरच्या बाईची तपासणी चुकली तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि म्हणून ती चुकतच राहते. आठ वर्षे चाललेल्या त्या प्रयोगाने ६४ आणि ३४ हे दोन आकडे आपल्यापुढे ठेवले आहेत. आपले घर यांतल्या कोणत्या बाजूला ठेवायचे, ते ठरवायला एक दिवस पुरेसा आहे. तो दिवस या महिन्यात काढा, एवढेच सांगणे. कळावे.